कोठीच्या खोलीतली मुंबई

बाबा,

मुंबई मी पहिल्यांदा पाहिली ती जुन्नरला आपल्या घरात, धान्याच्या कोठीच्या खोलीत, तुम्ही आणलेल्या फोटोच्या काचांवर, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेली. आकाश काळं, समुद्र काळा, बंदरावरच्या माणसांचे कपडे काळे आणि केस पांढरेशुभ्र. या शहरात सगळे म्हातारेच राहतात का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. "अगं, कागदावर छापली की सगळी तरणी होतील," म्हणालात. मी तेरा वर्षांची होते. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, दिवाळीनंतर कळंबला सासरी धाडायचं ठरलं होतं. त्याआधी मला एकदा मुंबई सरळ पाहायची होती, समुद्र पाहायचा होता, आणि तोही तुमच्याबरोबर. दुसरं मी तुमच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

कापडाच्या खरेदीला तुम्ही मुंबईला जायचात. अशाच एका खेपेला तो जुना कॅमेरा घेऊन आलात. पेठेतले लोक हसले, शेटजी डोक्यावर काळं फडकं घेऊन वाकतात म्हणून. पण जुन्नरात तुमचे फोटो बरे निघत. शिवनेरी जागची हलत नाही, इथलं ऊन कोरडं आणि नेमाचं, तुम्ही तोंडाने आकडे मोजत भिंगाचं झाकण काढायचात आणि परत लावायचात. तेच आकडे घेऊन तुम्ही समुद्रावर गेलात आणि पहिल्या खेपेच्या सगळ्या काचा करपून आल्या, तव्याच्या बुडासारख्या काळ्या. पाण्यावरून उलटून येणारं ऊन तुमच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला चूक तिथल्या तिथे कळावी म्हणून मुक्कामाच्या जागीच काचा औषधात धुवून चित्र उमटवायला गेलात, तर तिथल्या उकाड्याने त्यांवरचा लेप दुधावरच्या सायीसारखा सरकून पाण्यात गेला. मग ठरलं, की काचा न धुता काळ्या कापडात गुंडाळून माळशेज चढवून वर आणायच्या आणि आपल्या विहिरीच्या गार पाण्यात धुवायच्या. ते काम तुम्ही मला शिकवलंत. दार लावून, फटींना गोणपाट ठोकून, लाल कापड बांधलेल्या कंदिलाच्या उजेडात मी तबक हलवत असते, मनात आकडे मोजत असते, आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत असता. आईचं पाणी दुहेरी कापडातून गाळलेलं, त्यामुळे काचेवर कणाचाही डाग पडत नसे. "हिच्या हाताला यश आहे," असं तुम्ही एकदा म्हणालात. ते ऐकून मी दिवसभर हवेत होते.

मग तो आला. घाटाकडच्या मढ गावचा धनगर, पंचविशीतला, दुकानात घोंगड्या विकायला यायचा. घाटात कॅमेऱ्याची पेटी वाहायला तुम्ही त्याला सोबत घेतलंत. एकदा मी ओल्या काचा वाळत मांडत होते, तो कोठीच्या दारात थबकला आणि नाक वर करून म्हणाला, "शेट, ह्याला सरसाचा वास येतुय. कातडं उकळून काडत्यात तो सरस. आमाला ठावं हाय." तुमचा चेहरा उतरला. काचेवरचा लेप त्याच सरसाचा असतो हे तुम्हांला आधीपासून ठाऊक होतं. तुम्ही दार लोटलंत आणि आम्हां दोघांना सांगितलंत, "मला पाप लागायचं ते लागेल. पण हिच्या आईच्या कानावर जाता कामा नये. मुंगी पायाखाली आली तरी ती दिवसभर जेवत नाही." आपल्या जैनाच्या घरात कांदासुद्धा येत नसे, बाबा, आणि त्या घरात आपण जनावराच्या कातड्याचा सरस धूत होतो. मला भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो राग, तुमचं-माझं असं एक गुपित आणि त्यात हा तिसरा कसा, याचा.

पेटी वाहता वाहता तो तुम्हांला शिकवू लागला. घरी येऊन तुम्हीच कौतुकाने सांगायचात. "तो म्हणतो, शेट, ऊन पाठीवर घ्या, चमकत्या पान्याकडं त्वांड करून मेंढरंबी हुबी ऱ्हात न्हाईत." वारा कधी पडेल आणि शिडं कधी स्थिर होतील हे त्याला आधी कळे. दिवसदिवस मेंढरांमागे उभा राहिलेला माणूस, त्याला वाट पाहणं जड नव्हतं. तुम्हांला ते कधी जमलं नाही. तुमच्या काचांवर मोठमोठ्या इमारती असत, सगळ्या एका अंगाला कललेल्या. शेवटी एका खेपेला तुम्ही झाकण त्याच्या हातात दिलंत. त्याची ती काच मीच धुतली. ओहोटी लागून गलबतं चिखलात कलंडलेली, आणि त्यांच्या मधून डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई चालली आहे. तिच्या मागची पावलं एकेक मोजता येत होती. तबकात ती काच उमटत गेली तशी मी तबक हलवायची थांबले. आणखी थोडा वेळ औषधात ठेवली असती तर काळी पडून गेली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. पण हाताला ते करवेना. तुम्ही काच उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहत राहिलात आणि म्हणालात, "याला डोळा आहे. असा डोळा मी पाहिला नाही." माझ्या हाताचं नावही निघालं नाही. त्या माणसाने माझं काय वाईट केलं होतं? काहीच नाही. तरी मी त्याच्यावर जळत होते, उघड उघड जळत होते, तुमच्याशिवाय ते सगळ्यांना दिसत असावं.

दसऱ्याच्या सुमाराची खेप माझी, असं तुम्ही कबूल केलं होतंत. मी लुगडं काढून ठेवलं होतं. आदल्या दिवशी तुम्ही सहज म्हणालात, "या वेळी राहू दे बेटा. घाटात दोघांची सोय व्हायची नाही, आणि त्याच्याशिवाय फोटो होत नाहीत." माझ्याशिवाय होत होते का, हे मी विचारलं नाही. सकाळी तुम्ही दुकानात बांधाबांध करत होता, तो परसात आईला घोंगडी देऊन गेला, आणि त्याची पाठ वळताच मी आईपाशी जाऊन सगळं सांगितलं. सरस, कातडं, कोठीची खोली, तिने गाळलेलं पाणी, सगळं.

आई ओरडली नाही. तिने पाण्याचे सगळे हंडे उपडे केले आणि तुम्ही आत आल्यावर एवढंच विचारलं, "माझ्या पाण्यात कातडं धुतलंत?" कुणी सांगितलं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोर सासरी जायची, जाताना बापाचा राग नको, असं तिला वाटलं असणार. तुम्ही मात्र सरळ बाहेर त्याच्याकडे गेलात. मी दाराआड होते.

"परसात काय बोललास तू बाईंना?"

"म्या न्हाई बोललो, शेट."

"तिघांनाच ठाऊक होतं. मग कोण बोललं?"

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मी आहे हे त्याला दिसलं होतं. "त्ये मला ठावं न्हाई," म्हणाला, पेटी ओट्यावर नीट ठेवली आणि निघून गेला. तुम्ही त्याला पुन्हा कधी उंबऱ्याशी उभं केलं नाहीत. कॅमेराही कुणाला तरी देऊन टाकलात. माझी खोली गेली, तबक गेलं, मुंबईही गेली. त्याला घालवायला निघाले आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. जाताना मी तुमच्या पाया पडले तर तुम्ही म्हणालात, "माणूस ओळखायला चुकलो." तेव्हा सांगता आलं असतं. माहेरी येत होते तेव्हा दर वेळी सांगता आलं असतं.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून राहिलेलंही लिहिते. तुम्ही हे जग सोडून गेलात त्यानंतर तिसऱ्या वर्षी कळंबला आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. मी भाकरी द्यायला गेले तर मेंढरांचा मालक तोच, केस पिकलेला. "वळखलं का, बाय?" त्याने आधी तुमचंच विचारलं. तुम्ही आता नाही आहात असं मी सांगितल्यावर तो खाली बसला, मातीत बोटाने रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "येक इचारू? माज्यावर आळ व्हता. शेटला मागनं खरं कळलं का?"

"हो," मी म्हणाले. "मीच सांगितलं त्यांना."

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "लई बरं केलंस, बाय. मग शेट काय म्हनलं?"

काहीही सांगता आलं असतं, बाबा. तुम्ही हळहळलात म्हणून, त्याला बोलवायला मढला माणूस धाडणार होतात म्हणून. एक खोटं बोलून झालंच होतं, दुसरं काय जड होतं, आणि तुम्ही काही खोडून काढायला येणार नव्हतात. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काही नाही म्हणाले," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, भाकरी फडक्यात बांधली आणि मेंढरांकडे गेला. तुमचा एक चांगला शब्द, तोही माझ्याच मनाने रचलेला, मला त्याला देववला नाही.