चौथ्या टप्प्याची जागा

३ मार्च, मंगळवार

तीन टप्पे झाले! पहिला डबा पुलाच्या कठड्याखाली, दुसरा तुटक्या बाकाच्या पायात, तिसरा वाटेवरच्या पाटीमागे. चौथ्याशी घोडं अडलंय.

नवरा आज शेजारणीला समजावत होता. "ही जंगलात डबे लपवते. लोक कोडी सोडवतात, उत्तरातून आकडे निघतात, ते जीपीएसवर टाकून पुढचा डबा शोधतात. शेवटच्या डब्यात वही. तिच्यात सही करायची, डबा होता तिथे ठेवायचा आणि घरी यायचं." शेजारीण म्हणाली, "आणि मिळतं काय?" नवरा म्हणाला, "चिखल." इतकं नेमकं मला बारा वर्षांत सांगता आलेलं नाही!

यावेळी सगळं एकटी करणार. कोडी माझी, आकडेही मीच घेणार. कुणावाचून काही अडत नाही.

६ मार्च, शुक्रवार

चष्म्याच्या दुकानात आज एका बाईंच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवत होते. वेळेत लक्षात आलं. मालक म्हणाले, "आहात कुठे आज?" चौथ्या टप्प्यावर, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

८ मार्च, रविवार

जोडझाडापाशी गेले. ठरवून नाही, पायच वळले. दोन खोडं कमरेइतक्या उंचीपर्यंत एक झालेली, आणि मधे ढोली. आमचा पहिला डबा इथेच लपवला होता – साबणाची डबी. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ बारक्या सात. जीपीएस कुठलं तेव्हा! तो मोठ्यानं पावलं मोजायचा आणि वीसच्या पुढे गोंधळायचा. मग भांडण, मग पुन्हा पहिल्यापासून.

जागा चांगली आहे म्हणून घेतली. दुसरं काही कारण नाही. ढोलीत हात घातला नाही. माझा डबा मुळाशी, दगडाखाली ठेवला. आकडे तीनदा घेतले. संध्याकाळी सातही टप्पे खेळाच्या वेबसाइटच्या तपासनीसाकडे पाठवून दिले, उरलेल्या तिन्ही जागांसकट.

१० मार्च, मंगळवार

उत्तर नाही. सकाळपासून अकरा वेळा फोन पाहिला.

११ मार्च, बुधवार

नकार! "चौथा टप्पा हलवा. दोन खेळांच्या डब्यांत एकशे साठ मीटर अंतर हवं. तिथे आधीच दुसऱ्या कुणाचा डबा आहे."

कुठला डबा? नकाशावर काहीच नाही! तसं लिहिलं, तर म्हणे, "तो खेळ अजून जाहीर झालेला नाही. कुणाचा ते सांगता येणार नाही." बिचारा फुकट काम करतो हे कळतं मला. तरी चीड यायची ती आलीच. माझ्या झाडावर दुसरं कोण येऊन बसलं?

१३ मार्च, शुक्रवार

साठ मीटर पूर्वेला सरकवून पाठवला. नकार. मग उत्तरेला शंभर. नकार. भाजी करपली. नवऱ्यानं काही न बोलता खाल्ली, म्हणजे माझा अवतार काय असेल!

१५ मार्च, रविवार

एखादं जुनं कोडं वापरता येईल म्हणून वही काढली. बारक्याबरोबरच्या शेवटच्या खेळाची. तीन वर्षं उघडली नव्हती.

तेव्हा तो जंगलात जाऊन आकडे घ्यायचा, मी ते कोड्यांत बसवायचे. त्या खेळात पाचव्या टप्प्याचा आकडा चुकला. कोडं अगदी बरोबर सोडवून पोस्टमनकाका ओढ्याच्या भलत्याच बाजूला, घसरडीवर गेले आणि पाय मोडून बसले. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते त्यांना. लोक साइटवर विचारायला लागले, कुणाची चूक? मी सगळ्यांसमोर लिहिलं, "आकडे माझ्या भावानं घेतले होते." बारक्यानं उत्तर दिलं नाही. माझ्याशी बोलणंच बंद केलं. मीही केलं. मी मोठी, मी का आधी बोलू?

वहीत पाचव्या टप्प्याचे शेवटचे तीन आकडे त्याच्या अक्षरात: २६८. खाली माझ्या अक्षरात, कोड्याचं उत्तर: २८६.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दिवसभर लोकांचे नंबर लिहिणारी मी!

१६ मार्च, सोमवार

नवऱ्याला सांगितलं नाही. कपाट आवरलं. दुपारी तेच कपाट परत आवरलं.

१७ मार्च, मंगळवार

बारक्याला माहीत असणार. त्याच्या जीपीएसमध्ये नोंद असणार की! एक फोटो टाकला असता साइटवर, तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. का नाही टाकला?

साइटवर लिहायला बसले. "तीन वर्षांपूर्वी..." खोडलं. "एक गोष्ट सांगायची राहिली..." तेही खोडलं. राहिली म्हणे!

१८ मार्च, बुधवार

आज नेमके पोस्टमनकाका दुकानात. वाचायचा चष्मा हवा होता. मी समोर बसून त्यांच्या डोळ्यांतलं अंतर मोजत होते, म्हणजे तोंड चुकवायचीही सोय नाही.

"नवा खेळ करताय म्हणे?"

"हो."

"यावेळी आकडे कोण घेतंय?"

"मीच."

"मग काळजी नाही," म्हणाले आणि खुशाल हसले! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग आपणच सांगायला लागले, "पोरगा चांगला हो तुमचा भाऊ. मी पडून होतो ना, तर रोज संध्याकाळी यायचा. पेपर वाचून दाखवायचा. चूक आमची झाली म्हणायचा. मी म्हटलं, अरे, किती वेळा म्हणशील?"

मी त्यांना भेटायला एकदा गेले होते. फळं घेऊन. पंधरा मिनिटं बसले आणि निघाले.

मोजलेलं अंतर चौकट करून लिहिलं, मालकांकडून तपासून घेतलं. काकांना मात्र काही बोलले नाही. भित्री कुठली.

२० मार्च, शुक्रवार

चैन पडेना, म्हणून चौथ्या टप्प्याच्या मागे लागले. प्रत्येक नकार ही माहितीच आहे की! आजवरचे नकार नकाशावर मांडले, आणखी चार जागा पाठवल्या. दोन चालतील, दोन नाही. मग कंपास घेऊन वर्तुळ काढलं. मध्य बरोबर जोडझाडावर आला. आसपास नाही, झाडावरच.

तेवढ्यात तपासनीसाचा निरोप. "मॅडम, तुम्ही चाचपणी करताय हे कळतंय मला. आता पुरे. त्या डब्याचा मालक दर तीन महिन्यांनी लिहितो – अजून जाहीर करू नका, जागाही सोडू नका. तीन वर्षं मी ती राखून ठेवलीय. तुमच्यासाठी मोडणार नाही."

जोडझाडाची ढोली जगात दोघांना माहीत आहे. त्यातली एक मी.

२१ मार्च, शनिवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. आकड्याचंही. त्यानं वही उघडून दोन्ही आकडे पाहिले. मग म्हणाला, "मग जा की."

"आणि डब्यात काही वाकडंतिकडं लिहिलेलं असेल तर?"

"तर वाचून ये."

दिवसभर घरात येरझारा. बूट काढून ठेवले दारात. आत नेले. पुन्हा दारात ठेवले.

२२ मार्च, रविवार

सकाळी आधी साइटवर लिहिलं. दोनच ओळी – आकडा मी उलटा लिहिला, भावाचा बरोबर होता. यावेळी खोडलं नाही. मग निघाले.

ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. डबा होता. आत वही आणि टोक केलेली पेन्सिल. पहिली तारीख मी त्याचं नाव साइटवर घेतलं त्याच्या चौथ्या दिवसाची. मग दर तीन महिन्यांनी एक ओळ, सगळ्या सारख्या. शेवटची याच महिन्यातली:

"१ मार्च. डबा कोरडा. पेन्सिल आहे. ताई नाही."

अशा तेरा ओळी. मोजल्या.

खाली मी लिहिलं: "२२ मार्च. वही ओली झाली, माझ्यामुळे. आकडाही माझ्याचमुळे चुकला. ताई आली."