लिसार्दोचा डावा बूट

प्रिय आसुन्ताताई,

या आठवड्यात क्लबच्या बुटांवर माझ्या हातून घडलं ते असं: एक चामडी तळवा, दोन नाड्या आणि लिसार्दोच्या डाव्या पायाच्या मोडलेल्या अंगठ्यासाठी कॉर्कची गादी. कोणी शिकवली नाही, माझी मीच जमवली.

आपल्या गावच्या पाववाल्याचा मुलगा लिसार्दो आता छत्तिशीचा झाला, तरी इथल्या आमच्या फुटबॉल संघाचा गोल करणारा तोच. डॉक्टरांनी रविवारी खेळू नको म्हणून बजावलं होतं. समोर आपल्याच गावचा संघ! हा म्हणतो, "फेर्मिन, बूट दे, रडगाणं नको."

अखेरच्या मिनिटाला त्याच डाव्या पायाने गोल मारला. सगळे नाचले, त्याने मात्र हात जोडून माफी मागितली. जन्मगावावर गोल केला की नाचायचं नसतं. आपल्या गावची मंडळीही उभी राहून टाळ्या वाजवत होती. काय माणूस आहे, ताई!

तुझा गुडघा कसा आहे? सफरचंदं उतरवायला कोणी येतं ना? माझा खोकला बराच कमी आहे.

तुझा,
फेर्मिन

ता. क. घरी कधी येणार, असं तू दरवेळी विचारतेस. सामन्यानंतर आपल्या गावच्या क्लबने मला तिथल्या बुटांचं काम देऊ केलं. पण लिसार्दो अजून एक मोसम खेळणार आहे, आणि त्याचा अंगठा मलाच कळतो. मी नाही म्हणालो. महिना अडीच हजार युरो देत होते.