जाड फ्रेमखालचे पिवळे डाग

मी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय एकसष्ट, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे यकृत थकले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण थोरले दादा शंका काढल्याशिवाय राहणार नाहीत.

१. माझ्या धाकट्या बहिणीला जाऊन चार वर्षे झाली. तिला झाला तोच आजार मला आहे. यकृतातल्या पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात, अंगाला खाज सुटते, कोलेस्टेरॉल वाढते आणि पापण्यांवर, कोपरांवर चरबीच्या पिवळ्या गाठी येतात. याचा दारूशी संबंध नाही. धाकटी दारू पीत नव्हती. तिला पोचवून आल्यावर दादा दारातच म्हणाले, "लपून घेत असेल. यकृत उगाच जातं का?" वहिनींनी मान हलवली. या दोघांना माझ्या मिळकतीतले काहीही मिळू नये. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे.

२. दोष माझाही आहे. पापण्यांवर ते पिवळे डाग दिसू लागले तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, हे झाकेल अशी फ्रेम दे ना गं." मी दुकानातली सर्वांत जाड फ्रेम काढली, नाकावर नीट बसवून दिली. "आता कशी मास्तरीण दिसतेस!" असेही म्हणाले. पुढे तीन वर्षे ते डाग एकाही डॉक्टरच्या नजरेस पडले नाहीत.

३. दुकान, काचा घासायचे यंत्र आणि वरची खोली मी धाकटीच्या मुलीला, माझ्या भाचीला देत आहे. गेल्या महिन्यात ती दुकानात आली होती. बोलता बोलता तळहात टेबलाच्या कडेवर घासत होती. "मावशी, जाडसर फ्रेम दाखव ना, हल्ली तशाच चालतात." मी तिला चष्मा काढायला सांगितले. "नंतर गं, फोन येतोय," म्हणत ती निघून गेली. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

४. रक्ताच्या तपासणीचा कागद वकिलांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला दुकानाची किल्ली देऊ नये. नुसते "मी बरी आहे" चालणार नाही. धाकटीही तेच म्हणायची. कागदात काही वाईट निघाले तरी दुकान तिचेच.

५. लवकर कळले तर गोळ्यांनी हा आजार बराच आवरतो, म्हणून माझ्या मरणाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. या मृत्युपत्राची एक प्रत आजच भाचीला पाठवली आहे. उद्या सकाळी आठ वाजता मी तपासणी केंद्राच्या दाराशी उभी असेन. उपाशीपोटी ये. नऊपर्यंत आली नाहीस तर मी तुझ्या घरी येते.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १४ मार्च, सोमवार
सही: (माझीच आहे. दादांनी हवी तर ताडून पाहावी.)

आमच्यासमक्ष सही केली:
१. शेजारचे घड्याळजी
२. समोरच्या औषध दुकानातल्या बाई