बाबांची गॅरेजमधली खोली

३ डिसेंबर, सकाळी ६.१०. गॅरेजच्या भिंती तिसऱ्यांदा मोजत आहे. अर्धांगवायूनंतर बाबांना दोन जिने चढवून घरी नेणं शक्य नाही. हॉस्पिटल सोळा तारखेला सोडणार. तोवर इथे खाली गरम, कोरडी खोली तयार हवी, नाहीतर ताई त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. संडास मागच्या अंगणात, म्हणजे सोयीचाच. ताईला माझा भरवसा कधीच नव्हता. या वेळी बघेल.

६ डिसेंबर. आतून लाकडी चौकट, मध्ये थर्माकोल, वर प्लायवुड. प्रत्येक भिंत चार इंच आत आली. सुतार म्हणाला, दोन इंचांत भागलं असतं. लोकांना उरकायची सवयच लागली आहे. चार म्हणजे चार.

९ डिसेंबर. थर्मामीटर आणला. बाहेर ७ अंश. आत घरचा हीटर लावून ८. चूक सापडली: शटर. नुसता पत्रा!

१० डिसेंबर. शटरलाही आतून थर्माकोल चिकटवून प्लाय ठोकला. आता ते उघडत नाही, पण उघडायचंय कशाला? बाजूला दार आहे. सुताराने विचारलं, दादा, म्हाताऱ्यांना आत कुठून आणणार? म्हटलं, मी येतो तिथून. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. बहुधा कौतुकाने.

१४ डिसेंबर. बाहेर ६, आत १७! रंगाचा दुसरा हातही झाला. ताईला फोन केला. ती नुसतं 'बरं' म्हणाली. भारावली असावी.

१६ डिसेंबर. लिहावंसं वाटत नाही, पण नोंद हवी. ॲम्ब्युलन्स ११.२० ला आली. व्हीलचेअर २५ इंच. दार कोपऱ्यातलं, मुळात २८, त्यात एका अंगाने माझी चार इंची भिंत. उरले २४. शटर उघडायला बसलो. स्क्रू निघाले, थर्माकोल निघेना. बाबा चाळीस मिनिटं बाहेर वाऱ्यात. ड्रायव्हर म्हणाला, उचलून ठेवू की आत. ताई म्हणाली, आज ठेवाल हो, रोज संडासला कोण उचलणार? मग माझ्याकडे वळली. अरे, भिंती इंच-इंच मोजल्यास, बाबांना एकदा तरी मोजायचंस. मी दोन दिवस मागितले. हॉस्पिटलातली खाट दुसऱ्याला गेलेली, वृद्धाश्रमातली जागा संध्याकाळपर्यंतच राखलेली. बाबांना हल्ली बोलता येत नाही. त्यांनी चालत्या हाताने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. तो त्यांच्याबरोबरच गेला.

१९ डिसेंबर. वृद्धाश्रमाने सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले. परत मिळत नाहीत. ताई म्हणते, बाबांची खाट खिडकीपाशी आहे, गारठा येतो, दोन पांघरुणं दिलीत. मी खिडकीचं माप विचारलं. तिने फोन ठेवला.

लाकूड, थर्माकोल, प्लाय २९,४००. सिलिकॉन, स्क्रू, रंग ६,१५०. थर्मामीटर २८०. एकूण ३५,८३०.
देणं: सुताराची मजुरी ५,०००. ताईला बाबांच्या खाटेचे अर्धे, २७,०००.
हातात ११२. वृद्धाश्रमाला जाऊन-येऊन बसचं तिकीट १४०.