भरतीची वीज : सरकारी की खासगी

४ जाने.
सकाळपाळी. सबस्टेशनवर सगळं ठीक, गावठाण फीडर तेवढा दोनदा ट्रिप.
घरी आले तर लेक वैष्णवी लातूरहून आलेली, तोंड पाडून बसलेली. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेत निवड झाली म्हणे. मग रडायचं काय त्यात? विषय : समुद्राच्या भरती-ओहोटीवरची वीज कुणी चालवावी, सरकारनं की खासगी कंपनीनं. चिठ्ठीत हिला खासगी बाजू आली. आणि आई खासगीकरणाच्या विरोधात युनियनचा बिल्ला लावून फिरणारी. "सर म्हणाले, बदलता येत न्हाई." मी म्हटलं, बदलायची कशाला, बोल की. तोंडावर हसू होतं, पोटात नव्हतं.

६ जाने.
शेजारच्या मंदाकाकूंना मीच कौतुकानं सांगितलं, आमची वै. भरतीवर बोलणार, सरकारी का खासगी. संध्याकाळी दारात चौघीजणी. "फारम कधी सुटायलेत? धाव्वी पास चालतंय का?" समुद्राचं पाणी चढतं तिला भरती म्हणतात, हे समजावता समजावता दोनदा चहा झाला. सांगणारी मी, आणि समुद्र मीही पाहिलेला नाही.
मंदाकाकू जाताना : "पर कारखाना निघला की मानसं लागतीलच. माझ्या सुनंचं नाव लिहून ठेव."

११ जाने.
वै. नं फोनवर भाषण ऐकवलं. "सरकारी खात्यात कुणालाच जाब विचारता येत नाही." फोन ठेवून दिला मी. हे खांबावर शॉक लागून गेले तेव्हा अनुकंपा तत्त्वावर मला नोकरी दिली ती सरकारी खात्यानंच. त्याच पगारावर ही शिकतेय, आणि...
अर्ध्या तासानं मीच लावला. म्हटलं, मुद्दा कच्चा आहे, पक्का कर.

१८ जाने., लातूर
रजा टाकून गेले. शेवटच्या रांगेत, बिल्ला पर्समध्ये. शेजारी युनियनचे जाधवभाऊ, मुद्दाम आलेले.
वै. उभी राहिली. "आमच्या बिनसमुद्राच्या मुरुडात भरती म्हटलं की लोक फॉर्म मागतात." सभागृह हसलं. मग तिनं जे धरलं ते सोडलं नाही. नुकसान झालं तर कंपनीचं, जनतेचं का? करारात दंड घाला, मग बघा मशीन कशी चालते. एकदाही कागदाकडे पाहिलं नाही.
परीक्षकांनी विचारलं, तुमचं स्वतःचं मत? म्हणाली, "सर, माझी आई सरकारी सबस्टेशन चालवते. प्रत्येक पाळीला तिच्यासारखं माणूस असतं, तर मला एवढं बोलायला सुचलंच नसतं."
पहिला नंबर. मी रडले, लपवत नाही.
जाधवभाऊ : "ताई, पोरीनं लईच धुतलं आपल्याला." हाव, धुतलं म्हटलं. ताठ मानेनं म्हटलं.

२१ जाने.
नांदेडच्या फायनलची चिठ्ठी निघाली. आता सरकारी बाजू. जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता सोपं आहे बाई, घरचंच आहे. ती म्हणते, "सरावाला समोर कुणी पाहिजे. आई, तू खासगी हो."

२४ जाने.
वै. घरी. भाकरी थापता थापता सराव. आधी जीभ रेटेना. मग म्हटलं, समुद्रात मशीन बंद पडली, पार्टला मंजुरी कोण देणार? आमच्या ब्रेकरच्या पार्टसाठी मी तीन पत्रं पाठवली. उत्तर काय, तर मागणी विहित नमुन्यात नाही. तोवर गाव अंधारात, आणि शिव्या खायला मी. मग बोलतच सुटले. युनियनच्या बैठकीत इतक्या वर्षांत हे कधी बोलले नव्हते.
वै. नं वही खाली ठेवली. "आई, याला मी काय बोलू आता?"
म्हटलं, विचार करून सांगते, जेवून घे.
फायनल चार दिवसांवर.