कपाटावरची लाल पिशवी

प्रिय भाऊजी,

...आणि त्या सकाळी मी दूध तापवलं, ह्यांचा डबा भरला, गळका नळ नेहमीसारखा फडक्याने आवळून बांधला आणि स्टुलावर चढून कपाटावरची धूळ पुसायला घेतली. पत्र असं मधूनच सुरू केलं म्हणून हसू नका. रीतसर सुरुवात करायला बसले की मी गुडघ्यांवर जाते आणि मग पान संपतं. तर तुम्हाला आणि जाऊबाईंना आशीर्वाद, तुमचा गुडघा कसा आहे, माझा तसाच आहे. आता कपाटाकडे वळते.

कपाटावर मिक्सरचं खोकं होतं, इस्त्रीचं खोकं होतं (इस्त्री जळून गेली, खोकं अजून नवं आहे) आणि तुमच्या दादांनी हौसेने आणलेली प्रथमोपचाराची लाल पिशवी होती, वरच्या प्लॅस्टिकसकट. आपल्या घराची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. सासूबाईंनी भेट आलेली चादर जन्मात अंथरली नाही, मळेल म्हणून. ह्यांनी टीव्हीच्या रिमोटला पिशवी घातली, वर रबर लावलं, मग आकडे दिसेनात. आम्ही कित्येक संध्याकाळी बातम्या लावायला गेलो आणि गाईम्हशींचे आजार पाहिले. लाल पिशवीचंही तेच. कामावर, लाकडाच्या वखारीत नेली तर भुसा बसेल, असं ह्यांचं म्हणणं. मीही कधी न्या म्हटलं नाही, कारण मलाही ती नवीकोरीच आवडायची. त्या सकाळी मी ती ओल्या फडक्याने पुसली. लख्ख झाली. परत जागेवर ठेवली.

दुपारी करवतीचा पट्टा तुटून ह्यांच्या मांडीला लागला. तुम्ही शेजारीच होतात, तुम्हाला मी काय सांगणार. डॉक्टर म्हणाले, वर आवळून बांधायला काहीतरी हवं होतं. एवढंच म्हणाले. मी ह्यांच्याशिवाय घरी आले तेव्हा पिशवी कपाटावर चकाकत होती.

त्यानंतर मी वाचनालयातून प्रथमोपचाराची मिळतील ती पुस्तकं आणून वाचली (ग्रंथपालबाईंना वाटलं मी नर्सच्या परीक्षेला बसते आहे, त्यांनी पेढ्यांची आठवणही करून ठेवली) आणि स्वतःसाठी पिशवी घ्यायला बाजारात गेले. दुकानदाराने सगळ्यात महागडी पुढे केली. म्हणाला, "मावशी, ह्यात सगळं आहे." खरंच होतं. शिट्टी होती, होकायंत्र होतं, मासे पकडायचा गळ होता. माणूस रक्तबंबाळ होऊन पडला असताना उत्तर दिशा शोधून मासे कोणी धरायचे, ते त्याला सांगता येईना. आणि रक्त थांबवायला त्यात काय होतं, तर बोटाला लावायच्या चिकटपट्ट्या. मी म्हटलं, मला मोठ्या जखमेचं सामान दे. मग त्याने आतून काढून दिलं: हातापायाला जखमेच्या वर आवळायचा पट्टा, जखमेत दाबून भरायची पट्टी, वरून घट्ट गुंडाळायची पट्टी, हातमोजे आणि कपडे कापायची बोथट टोकाची कात्री. मूठभर सामान. एवढंसं पाहून मला वाईट वाटलं. एवढंसं तर ह्यांच्या डब्याच्या पिशवीत मावलं असतं.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण पिशवीत जागा दिसली की बाईचा हात थांबत नाही. खोकल्याच्या गोळ्या घातल्या. चष्मा घातला, मग चष्म्याचं घर, मग वाचनालयाचं पुस्तक, सुईदोरा, लोकर, अर्धा विणलेला मोजा. इमारतीत माझं नाव "दवाखाना" पडलं. शेजारीण जिन्यात थांबवून डोकेदुखीची गोळी मागते, पोरं न लागलेल्या ठिकाणी चिकटपट्ट्या लावून घेतात, बँकेचा रखवालदार कात्री पाहून मला आत सोडत नाही आणि त्याच कात्रीने स्वतःची नखं कापून घेतो. मी मात्र ऐटीत. वाटायचं, आता आपल्यासमोर कोणी असं जाणार नाही.

मागच्या महिन्यात बसथांब्यापाशी काच बसवणारा माणूस काच घेऊन घसरला आणि त्याचा हात कोपराखाली उघडा पडला. मी सगळ्यांना बाजूला सारलं, म्हटलं, सरका, माझ्याकडे सामान आहे. फुटपाथवर बसले आणि पिशवी उघडली. गोळ्या निघाल्या. चष्म्याचं घर निघालं. मोजा निघाला, त्याच्यामागे सगळी लोकर निघाली. पट्टी तळाशी होती, आणि भाऊजी, तिचं प्लॅस्टिक मी काढलेलं नव्हतं. नवी होती ना. बोटांनी फाटेना म्हणून दातांनी धरली, तर माझी कवळीच त्या प्लॅस्टिकला चिकटून बाहेर आली. लोक रक्त सोडून माझ्याकडे पाहायला लागले.

तोवर बसच्या ड्रायव्हरने अंगातला शर्ट काढून जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरला होता आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हलवला नाही. तुम्ही ह्यांच्यासाठी अगदी तेच केलं होतं. कोपराखालची जखम बहुधा दाबून थांबते, मांडीतली तेवढ्याने थांबेलच असं नाही, तिथे पट्टा लागतो, हे मी पुस्तकात वाचलं आहे. तुमचे हात कमी पडले नव्हते. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. काचवाला आता बरा आहे. काल भेटला तर विचारत होता, "आजी, ती पट्टी शेवटी उघडली का?"

असो. प्रकृतीला जपा. जाऊबाईंना सांगा, लोणच्याची बरणी परत पाठवायची घाई नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. बरणीबद्दल लिहिलं ते खरं नाही. पाठवा.

ता. क. दुसरा. पत्र बरणीसाठी लिहिलेलं नाही. मागे तुम्हाला मी पाठवलेली पिशवी, आवळायच्या पट्ट्याची, तिच्याबद्दल जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अहो ताई, कपाटावर जपून ठेवली आहे हो ह्यांनी. प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, तुम्ही दिलेली म्हणून." मला राग आला नाही. तुम्ही तुमच्या दादांचेच भाऊ. पण भाऊजी, तुम्ही अजून त्याच करवतीवर उभे राहता. ती पिशवी मळवा. फाटू द्या. भुसा बसू द्या. मी दुसरी देईन.

ता. क. तिसरा. हे पत्र पोस्टात टाकलं नाही. काल लिहिलं, आज तुमची सुट्टी. मी सकाळची गाडी धरून तुमच्याकडे आले. तुम्ही आत झोपला आहात, जाऊबाईंनी स्टूल धरलं. मी पिशवी खाली काढली, आतल्या एकूण एक वस्तूचं प्लॅस्टिक कात्रीने कापलं, पट्टीचं पाकीट तेवढं हाताने फाटेल अशी खाच पाडून ठेवलं, आणि पिशवी तुमच्या कामाच्या कमरपट्ट्यात ओवून पट्टा खुंटीला परत लावला. पत्र कपाटावर तिच्या जागी ठेवते आहे. बरणी घेते आणि घरी जाते.