‘सरकी’तला ठसका

पक्या,

‘प्रिय’ लिहिणार होतो, पण चौकातल्या फ्लेक्सवर तो शब्द एवढा मोठा छापलाय की शिसारी आली. ‘दारव्ह्याचा प्रिय रॉकस्टार’ म्हणे! खाली तुझा फोटो, आणि शेजारी तुझ्या दुप्पट आकाराचे मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब, गॉगलसकट. तुझ्या अपघाताला आज महिना झाला, म्हणून संध्याकाळी त्यांनी श्रद्धांजली सभा ठेवली आहे. तिथं आपल्या बँडचं गाणं, ‘सरकी’, वाजणार आहे. निघण्याआधी लिहायला बसलो, कारण सकाळी माझ्या हातून एक घाण काम झालंय.

भाऊसाहेब विसरला नसशील. गणपतीत आपण ‘सरकी’ सुरू केली आणि पहिलं कडवं संपायच्या आत त्यांनी स्वतःच्या हातानं वायर उपटली. “कायले वरडून राह्यला बे? कोनं मारलं का तुले?” सगळा मंडप खिदळला. आता तेच लोक तुझं गाणं स्टेटसला लावून रडक्या बाहुल्या टाकतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लेकाचे!

आणि तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसलास. “भाऊ, एक डाव पुरं ऐका ना.” असल्या माणसाची शाबासकी तुला कशाला हवी होती रे? तेव्हाही तुझा राग आला होता, आजही येतो.

गाणं आपण रेकॉर्ड केलं सरकी काढायच्या जिनिंगमध्ये, तुझे बाबा कामाला होते तिथं. कापसाच्या गंजीत आवाज घुमत नाही, ही तुझी अक्कल. खरंच घुमला नाही! पण मी ड्रम बडवायला लागलो तशी रुई उडाली, आणि तिसऱ्या कडव्यात तुला ठसका लागला. मी काड्या खाली ठेवल्या. तू डोळे पुसत ओरडलास, “थांबला काहून बे? वाजव!” आणि तशाच घोगऱ्या आवाजात पुढचं म्हटलंस. मी म्हणालो, परत करू. तू म्हणालास, “ठसक्याबिगर जिनिंग पाह्यली का कुठी?”

मग सुरू झाले शहाणे. यवतमाळच्या एका जाणकारानं पाऊण तास ताल-सूर शिकवले. त्याला स्वतःला साधी शिट्टी वाजवता येत नव्हती. पूर्ण गाणं गप्प बसून ऐकलं ते फक्त तुझ्या आईनं. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, “मंग पानी पेला का?” तू चिडलास. “आई, गान्याचं सांग ना!” तुझं तेवढं चुकलंच, पक्या.

आता माझी घाण ऐक. सकाळी भाऊसाहेबांचा फोन आला. “थे खोकनं काढून टाक बे. लोकं येतात, बरं नाई दिसत.” पाठीमागे त्यांना शिव्या घालणारा मी, शेपूट घालून म्हणालो, “हो भाऊ.” आणि ठसका कापला! वर ते साफसूफ गाणं तुझ्या आईला ऐकवायला गेलो.

तिनं फोन मांडीवर ठेवून ऐकलं. गाणं संपलं तरी ती वाट पाहत राहिली.

“त्याचा ठसका कुठी गेला?”

तुझ्या फोटोपुढं पाण्याचा पेला भरून ठेवला होता. ती म्हणाली, “रोज गान्यात ठसका लागला का तिथीच तर मी त्याले पानी देतो.”

भाऊसाहेबांची चीड मला वर्षभर पुरली. स्वतःची पहिल्यांदाच आली.

ते कापलेलं गाणं मी पुसून टाकलंय. आज ‘सरकी’ पूर्ण वाजेल, ठसक्यासकट, हे तुला माझं वचन. वायरीच्या बोर्डापाशी मी उभा राहीन. भाऊंना वायर उपटायचीच असेल तर आधी माझा हात उपटावा लागेल.

आई पहिल्या रांगेत बसणार आहे. सोबत तिनं पाण्याचा तांब्या घेतलाय.

या वेळी काड्या खाली न ठेवणारा,
तुझा
गज्या